दारचा डेलिया आणि विहिरीचे पाणी

डेलियाची फुले विकून चार पैसे गाठीला लागतील, अशी आशा धरून हा लेख वाचू नका. झेंडू पोत्यात भरून लांबच्या बाजारात जातो, शेवंतीही बरीच टिकते. डेलिया मात्र तोडल्यापासून चार-पाच दिवसांत मान टाकतो, आणि त्याची गजऱ्यात किंवा हारात सोयही होत नाही. तरीही लासुर्णे आणि आसपासच्या गावांतील भगिनींनी यंदा दारात डेलिया लावावा, आणि तो जानेवारीत चारचौघांपुढे मांडावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. फुलाची हौस हे एक कारण झाले. दुसरे कारण तुमच्या जमिनीशी निगडित आहे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या या कोरड्या पट्ट्याचे रूप पालटले. ऊस आला, घरे सुधारली. पण आपली जमीन काळी, खोल, निचऱ्याला मंद. पाणी दिले की ते वरच्यावर तुंबते, उन्हाळ्यात वर येऊन उडून जाते, आणि मागे पांढरा थर उरतो. असे रान एका दिवसात बिघडत नाही. ऊस दरसाल थोडा थोडा कमी उतारा देत काही वर्षे उभा राहतो, म्हणून घरधन्याच्या लक्षात यायला उशीर होतो. डेलियाला एवढा सोशिकपणा नाही. मुळाशी क्षार साचले की त्याच्या खालच्या पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते आणि कळी उमलता उमलताच पाकळ्यांची टोके तपकिरी पडतात.

तेव्हा असे करा. एकाच कंदाची दोन कलमे, एकाच मातीच्या दोन कुंड्या. एकीला कालव्याचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्या, दुसरीला तुमच्या विहिरीचे अथवा बोअरचे. ऊन सारखे, खत सारखे. दीड-दोन महिन्यांत दुसरी कुंडी मागे पडली आणि तिची पाने कडांनी जळाली, तर ती नुसत्या कुंडीची तक्रार समजू नका. तेच पाणी रानातही जात आहे. मग पाण्याची बाटली आणि शेतातल्या मातीचा नमुना घेऊन बारामतीजवळच्या शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून आणावे. जमीन खारवट असेल तर आधी चर काढून निचरा करावा लागतो. चोपण असेल तर जिप्समचा उपयोग होतो. दोन्हींचे औषध वेगळे आहे. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही जिप्समची पोती आणून ओतणे हा पैशाचा चुराडा आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. हल्ली गावोगावी पिण्याच्या पाण्याची फिल्टर यंत्रे बसली आहेत. त्यातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते ते फुकट जाऊ नये म्हणून अनेक घरी झाडांना घालतात. हेतू चांगला, पण मूळ पाण्यातले क्षार त्या टाकाऊ पाण्यात अधिक घट्ट झालेले असतात. त्याने भांडी विसळा, अंगण धुवा, कुंडीत मात्र घालू नका.

हे फूल इतके नाजूक का, ते त्याच्या माहेराकडे पाहिले की कळते. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरचा. तिथे हवा थंड, जमीन उताराची, पाणी पडले की वाहून जाणारे. १७८९ मध्ये तिथून त्याचे बी स्पेनमधील माद्रिदच्या बागेत गेले आणि १७९१ मध्ये आंद्रेआस दाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. मेक्सिकोने १९६३ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. आपल्या देशात रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी डेलियाच्या कितीतरी नव्या जाती तयार केल्या. संन्याशाने फुलांचा संसार मांडावा, हे आम्हाला फार आवडले. मेक्सिकोत पूर्वी लोक डेलियाचे कंद खातही असत म्हणे. आपण तो प्रयोग करू नये, रोपवाटिकेत एका कंदाला जो भाव पडतो त्यात किलोभर रताळी येतात.

रताळ्यावरून आठवले. डेलियाचा कंद दिसतो रताळ्यासारखा, पण स्वभाव निराळा. रताळे मातीत पुरले की त्याच्या अंगावर कोंब येतात. डेलियाच्या कंदाच्या अंगाला डोळे नसतातच. डोळे असतात ते वर, जिथे कंद जुन्या खोडाला चिकटतो त्या मानेशी. मान तुटलेला कंद कितीही गलेलठ्ठ असला तरी तो वांझ. डोळा मेलेली उसाची कांडी कोणी लावील का? तसेच हे. कंद घेताना मान आणि तिच्यावरची बारीक फुगीर टिकली बघूनच घ्यावा. बियांपासूनही डेलिया येतो, पण आईसारखे फूल देत नाही. आपल्या बहुतेक पिकांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, डेलियात आठ. बीजातून काय निघेल ते सांगता येत नाही. आवडलेले फूल राखायचे तर कंद किंवा कलम, दुसरा मार्ग नाही.

तुकोबांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे गेली की वाळूतले कंद एकदा चाळून पाहावेत, सडका असेल तो काढावा. ऑगस्टच्या अखेरीस ते ओलसर वाळूत अर्धे उघडे ठेवावेत. कोंब बोट-दीड बोट वाढले की पेराखाली कापून वाळूतच लावावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या धरतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कायमच्या जागी. फार उशीर करू नये. दिवस लहान झाले की झाडाचे चित्त फुलावरून कंदाकडे वळते आणि फुलाच्या मधोमध पिवळा डोळा उघडा पडतो. भरगच्च जातीत तो दिसला की परीक्षक फूल बाजूला सारतात.

नुसत्या काळ्या मातीत डेलिया लावणे म्हणजे त्याला चिखलात उभे करणे. एक वाटा पोयटा, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा जाड वाळू किंवा बारीक मुरूम, असे मिश्रण करावे. बारा इंची कुंडी पुरते. रंगाचा रिकामा डबाही चालतो, फक्त बुडाला चार-पाच भोके हवीत. जमिनीत लावायचा असेल तर वीतभर उंच वाफा करावा. निमगाव केतकीच्या पानमळ्यात ज्यांचे माहेर आहे त्यांना हे सांगायला नको. पाणी हवे पण तुंबलेले नको, ही पानवेलीची रीत डेलियालाही लागू आहे. फक्त ऊन मात्र त्याला भरपूर लागते.

रोपाला तीन-चार जोड्या पाने आली की शेंडा खुडावा. काठी लावणीच्या वेळीच रोवावी, मागाहून रोवली तर कंदात घुसते. फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच मोडाव्यात. इथे पुष्कळ जणींचा हात अडतो. स्वतः वाढवलेली कळी मोडवत नाही! पण तिन्ही ठेवल्या तर तिन्ही मध्यम राहतात. मोठ्या जातीला वाटाण्याएवढ्या कळीपासून पूर्ण फुलापर्यंत साधारण महिना लागतो, त्यावरून प्रदर्शनाचा दिवस धरून कळी निवडता येते. युरियाचा हात आखडता घ्यावा. त्याने पाला माजतो आणि देठ लेचापेचा होतो. पोटॅश द्यायचे तर सल्फेटचे द्यावे, आपल्या क्षाराच्या मातीत क्लोराइडची भर नको. मावा दिसला की लगेच आवरावा, कारण पाने चट्टेदार आणि सुरकुतलेली करणारा रोग तोच पसरवतो. अशा झाडाचा कंद पुढच्या सालाला ठेवू नये, शेजारणीला तर मुळीच देऊ नये.

आणि उसातले तण मारायला टू-फोर-डी फवारतात, त्याची एक गोष्ट घरातल्या पुरुषमाणसांच्या कानावर घाला. त्या औषधाचा वाऱ्याबरोबर आलेला तुषारही डेलियाचे शेंडे पिळवटून टाकतो; टोमॅटो, वाटाणा, द्राक्ष यांचीही तीच गत होते. वारा घराकडे असताना फवारणी नको, आणि त्या पंपाने परसातल्या झाडांवर दुसरे काही फवारणेही नको.

आता मांडण्याचे. पाच-सहा घरांनी मिळून लहानसे मंडळ करावे, त्याला नोंदणी-बिंदणी लागत नाही. बचत गट असेल तर उत्तमच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस, आणि डेलियाचा बहरही तोच. एका हळदीकुंकवाला ओटीवर बाटल्या मांडा, एकेका बाटलीत एकेक फूल. नावे झाकून नुसते आकडे लावा आणि दुसऱ्या आळीतली जाणती बाई परीक्षक म्हणून बसवा. तिने फूल समोरून तर बघावेच, पण उलटे करून पाठही बघावी. मागच्या पाकळ्या सुकल्या असतील तर फुलाचे वय झाले. देठ सरळ आहे का, फूल देठावर ताठ बसले आहे का, रंग सर्वत्र सारखा आहे का. दहा इंची फुलापेक्षा तळहाताएवढे निर्दोष फूल वरचढ ठरू शकते, हे गोल लहान पाँपॉन जाती मांडल्या की पटते. प्रत्येकीने आपल्या फुलासोबत माती आणि पाणी कोणते ते चिठ्ठीवर लिहून आणावे. परीक्षण संपल्यावर चिठ्ठ्या उघडा. बक्षीस कोणालाही मिळो, कोणत्या विहिरीवरचे फूल कसे आले हे सगळ्यांसमोर येईल.

हात बसला की पुण्याला जा. १८३० मध्ये स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था एम्प्रेस गार्डन सांभाळते, आणि जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, तिथे पुष्पप्रदर्शन भरवते. नियमपत्रिका आधी मागवून कोणत्या गटात काय मांडता येते ते वाचावे. वाट शंभर किलोमीटरहून जास्त, तेव्हा फुले आदल्या संध्याकाळी तोडून देठ रात्रभर खोल पाण्यात बुडवून ठेवावेत. देठ पोकळ असतो, तो हिसक्याने मोडतो. प्रत्येक देठाला बारीक काडी बांधून, बादलीत अंतर राखून न्यावा. एसटीत बादली मांडीवर घ्यावी लागली तरी घ्या, खाली ठेवली की पाकळ्या घासल्याच.

बहर ओसरून पाने पिवळी पडली की पाणी तोडावे. खोड वीतभर राखून कापावे, आठवड्याने गड्डा हळूच उकरावा, सावलीत सुकवून मडक्यात कोरड्या वाळूत पुरावा आणि मडक्यावर जातीचे नाव व पाण्याची नोंद खडूने लिहावी. एका गड्ड्यातून मानेसकट तीन-चार कंद सुटतात. त्यातले दोन आपल्याला ठेवून बाकीचे मंडळातल्या ज्या घरी झाड गेले त्या घरी द्यावेत, आणि तिने पाणी बदलून पाहावे.