कांगा : जोडीने विकला जाणारा माल

पूर्व आफ्रिकेत कपडा पाठवावा काय, असे आपल्याकडील तरुण व्यापारी अधूनमधून विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, की तिथली खेड्यातील बाई कांगा कसा वापरते ते तुम्हाला ठाऊक आहे काय? हे न कळता माल पाठवला तर काय होते, ते मी १९९८ साली पदरचे पैसे घालून शिकलो आहे. ती हकीकत पुढे येईलच.

कांगा म्हणजे छापील सुती कापड. एक तुकडा साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडा जास्त रुंद असतो. चारी बाजूंनी रुंद किनार, मधे मोठी नक्षी आणि खालच्या किनारीच्या वर स्वाहिली भाषेत एक ओळ छापलेली असते. दोन सारखे तुकडे न कापता एकत्र विकतात. या जोडीला तिकडे ‘डोटी’ म्हणतात. एक तुकडा कमरेला किंवा छातीपासून गुंडाळायचा, दुसरा डोक्या-खांद्यावरून घ्यायचा. कांगा हे गिनी कोंबडीचे नाव. सुरुवातीच्या ठिपकेदार छपाईवरून ते पडले असे सांगतात.

टांझानियातील झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानी अशी गावे आहेत. १९८९ च्या सुमारास तिथे समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली आणि ती मुख्यतः बायकांच्या हातात आली. ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात उतरतात, खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर शेवाळाचे तुकडे बांधतात, तयार झालेले काढून घराजवळ वाळवतात आणि विकतात. अंगावर कांगाच असतो. तोच पाठीशी मूल बांधायला, ओझ्याखाली चुंबळ करायला आणि अंगणात पसरून बसायला चालतो. लग्नात तो आहेर म्हणून देतात. जुना झाला की तान्ह्या मुलाचे दुपटे होतो, शेवटी चुलीपाशी पुसणे. असे कापड विरळ विणीचे किंवा कच्च्या रंगाचे असून कसे भागेल? खारे पाणी आणि ऊन यात पहिल्याच महिन्यात रंग उतरला, तर शेजारणी ते पाहतात आणि दुकानदाराचे नाव जाते.

या बाजारात आपली माणसे नवीन नाहीत. आधी तिथे अमेरिकेचे कोरे कापड जात असे, त्याला ‘मेरिकानी’ म्हणत. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) तो माल आटला आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाने तिथे जम बसवला. मोंबासाच्या कादरदीना हाजी एसाक या व्यापाऱ्याची ‘माली या अब्दुल्ला’ ही छाप तर घरोघरी पोचली. कांग्यावर म्हणी छापण्याची चाल त्यांनीच पाडली असे म्हणतात. पूर्वी ही ओळ अरबी लिपीत असे, नंतर रोमन लिपी आली. भाषाही आपल्याला अगदी परकी नाही. दुकानाला डुका, हिशोबाला हेसाबू, पैशाला पेसा, विम्याला बीमा.

खरे गिऱ्हाईक त्या ओळीवर ठरते. ‘हराका हराका हाइना बराका’, म्हणजे घाईत बरकत नाही, अशी साधी म्हण कोणालाही चालते. पण काही ओळी शेजारणीला, सवतीला किंवा नवऱ्याला टोमणा मारणाऱ्या असतात. तोंडाने न बोलता बाई ती ओळ नेसून दारावरून जाते, भांडणाची गरज राहत नाही. म्हणून भेट देणारा आधी ओळ वाचतो, मग रंग पाहतो. नक्षी कितीही सुरेख असो, शब्द चुकला तर गठ्ठा पडून राहतो.

आता माझी हकीकत. मी जोड्या कापून, कडा शिवून, एकेक तुकडा सुबक घडीत पाठवला. वाटले, तयार मालाला भाव जास्त मिळेल. बांधणीत तुकडे आपसात मिसळले. तिकडच्या व्यापाऱ्याने कळवले की बाईला न कापलेली जोडीच हवी, ती स्वतः कापून घेते आणि कडा शिवून घेते, सुटा तुकडा म्हणजे कोणाचा तरी वापरलेला असा संशय येतो. माल निम्म्या भावात गेला. चूक माझी होती, त्याची नव्हे.

आज तिथे जुन्या परदेशी कपड्यांचे, म्हणजे ‘मितुंबा’चे, ढीग स्वस्तात विकले जातात. त्यात फ्रॉक, शर्ट मिळतात, कांगा क्वचितच. त्यामुळे ही मागणी टिकून आहे. मात्र आपल्या जेतपूरच्या छपाईला तिथल्या गिरण्यांशी आणि चीनच्या मालाशी टक्कर द्यावी लागते. ज्याला उतरायचे असेल त्याने छपाईपूर्वी ओळ स्वाहिली जाणणाऱ्या, शक्यतो तिकडच्या बाईकडून वाचून घ्यावी, नमुना मिठाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवून पाहावा आणि कात्री अजिबात लावू नये.