समुद्रतळावरील इतिहास : बोद्रुमचे संग्रहालय

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य टोकास, एजियन समुद्राच्या काठी, बोद्रुम नावाचे शहर आहे. उन्हाळ्यात हवापालटासाठी व समुद्रस्नानासाठी तेथे प्रवाशांची गर्दी लोटते. प्राचीन काळी याच स्थळी हॅलिकारनॅसस हे नगर वसले होते. इतिहासकार हिरोडोटस याची ती जन्मभूमी होय. बंदरालगतचा किल्ला सेंट जॉनच्या पंथातील लढवय्यांनी पंधराव्या शतकात बांधला. त्यासाठी त्यांनी मॉसोलस राजाच्या समाधीचे दगड वापरले. ही समाधी प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक गणली जात असे. आज या किल्ल्यात पाण्याखालील पुरातत्त्वाचे संग्रहालय असून भूमध्य समुद्राच्या परिसरात बुडालेल्या अनेक जहाजांचे अवशेष तेथे मांडलेले आहेत.

बुडालेले जहाज काय सांगते?

जमिनीवरील प्राचीन नगरात शतकानुशतकांचे थर एकमेकांत मिसळलेले असतात. जहाजाची गोष्ट निराळी. ते अवघ्या काही क्षणांत बुडते आणि त्यावरील माल, शिधा, हत्यारे व खलाशांच्या नित्य वापरातील वस्तू एकाच वेळी तळाशी जातात. त्यामुळे त्या काळच्या व्यवहाराचे एक अखंड चित्र समुद्रात जतन होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे उलुबुरुन येथील जहाज. १९८२ साली काश या गावानजीक स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यास तळाशी कान असलेल्या धातूच्या मोठ्या बिस्किटांसारख्या वस्तू दिसल्या. त्या तांब्याच्या लाद्या होत्या. उचलण्यास सोयीचे जावे म्हणून त्यांचे चारही कोपरे लांबविलेले होते. हे जहाज इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडाले असावे. जॉर्ज बास व जेमाल पुलाक यांच्या मार्गदर्शनाखाली १९८४ ते १९९४ या काळात त्याचे उत्खनन झाले.

खोल पाण्यातील काम

अवशेष ४४ ते ६१ मीटर खोलीवर होते. ५० मीटर खोलीवर माणसाच्या शरीरावर पृष्ठभागाच्या सुमारे सहापट दाब पडतो. त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुडा घाईने वर आला, तर त्या वायूचे बुडबुडे होऊन पक्षाघात किंवा मृत्यूही ओढवतो. म्हणून प्रत्येकाने दिवसातून दोनदाच, सुमारे वीस मिनिटे तळाशी काम करावे व थांबत थांबत वर यावे, असा नियम होता. अकरा हंगामांत अशा २२,४१३ बुड्या मारण्यात आल्या.

तांबे, कथील आणि मोड

जहाजावर सुमारे दहा टन तांबे व एक टन कथील होते. कासे तयार करण्यासाठी हे दोन धातू साधारणपणे याच प्रमाणात मिसळतात. तांबे सायप्रसचे होते. आफ्रिकेतील काळे लाकूड, हस्तिदंत, बाल्टिक किनाऱ्याचे अंबर व काचेच्या लाद्या हा मालही त्याच जहाजावर होता. तेहतीस शतकांपूर्वी दूरदूरचे प्रदेश व्यापाराने परस्परांशी जोडलेले होते, हे यावरून स्पष्ट होते. इजिप्तची राणी नेफरतिती हिचे नाव कोरलेली सोन्याची मुद्राही येथे सापडली. हस्तिदंती बिजागरीने जोडलेली लाकडी लेखनपाटीही मिळाली. परंतु तिच्यावरील मेणाचा थर नाहीसा झाल्यामुळे तीवर काय लिहिले होते, हे कधीच कळणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तांबे टिकले, पण कथिलाचा बराच भाग खाऱ्या पाण्याने झिजून लगद्यासारखा झाला होता. केवळ मोडीच्या किमतीसाठी कोणी तेथे उतरला असता, तर त्याने तांबे उचलून नेले असते व तो लगदा चिखल समजून तुडविला असता. दहास एक हे प्रमाण मग कोणासही समजले नसते. प्रत्येक वस्तू कोठे, कशाशेजारी व कोणत्या स्थितीत पडली होती याची नोंद हेच खरे धन होय.

वर आल्यानंतर

वाळूखाली प्राणवायू फारसा पोहोचत नाही व लाकूड पोखरणारे समुद्री किडेही शिरत नाहीत, म्हणून गाडलेले लाकूड टिकते. मात्र ते पाण्याने भिजून फुगलेले असते. बाहेर काढून तसेच वाळविल्यास ते आक्रसते व तडकते. म्हणून प्रथम गोड्या पाण्यात ठेवून त्यातील क्षार काढतात. नंतर पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ हळूहळू लाकडात मुरवितात. या कामास वर्षे लागतात. सेर्चे लिमानी येथे अकराव्या शतकात बुडालेल्या, सुमारे तीन टन काच वाहणाऱ्या जहाजाचे सांगाड्याचे तुकडे अशाच रीतीने टिकवून या संग्रहालयात पुन्हा जोडले आहेत.

प्रेक्षकाला कपाटात एखादा मडक्याचा तुकडा किंवा हिरवट पडलेली धातूची लादी दिसते. ती काही क्षणांत पाहून होते. तिच्यामागे पाणबुड्याचे धाडस, नोंदवहीतील अचूक टिपण आणि प्रयोगशाळेतील दीर्घ चिकाटी उभी असते. यांपैकी एकही दुवा तुटला, तर समुद्राने तीन हजार वर्षे सांभाळलेली वस्तू माणसाच्या हाती येताच मुकी होते.