तुला नेमके काय शोधायचे आहे?

वालधुनीतला एक मुलगा परवा घरी आला. एम.ए. झाला, 'पेट' पास झाला, आता पीएच.डी.साठी विभागातल्या प्राध्यापकांपुढे बसायचे आहे. म्हणाला, "काका, संशोधनात रस कशात आहे ते विचारतील. काय सांगू? सामाजिक न्याय सांगू? की बाबासाहेबांचे विचार? नाहीतर गाईड म्हणतील तो विषय घेतो."

शेवटचे वाक्य टोचले. पण पोराचा दोष नाही. बाप रेल्वेत गँगमन, घरातला हा पहिला पदवीधर. प्राध्यापकांच्या मुलांना या गोष्टी जेवणाच्या ताटावर कळतात. आपल्या मुलांना कोण सांगणार?

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोचले. प्रा. सेलिग्मन सार्वजनिक वित्ताचे नामांकित पंडित. त्यांच्याकडे बाबासाहेबांनी अभ्यासला तो प्रश्न रोखठोक होता: ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली? १९२५ मध्ये त्याचा ग्रंथ झाला, प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. मग जात? ती त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी मांडली. त्या निबंधात स्वतः भोगलेल्याची कहाणी नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, आपले केतकर, एकेकाची व्याख्या तपासली आणि जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ, असे ठामपणे सांगितले. 'गाईड म्हणतील तो विषय' म्हणणाऱ्यांनी लंडनचे प्रा. कॅनन आठवावेत. १९२३ च्या रुपयावरील ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना दिली, तीही आपला मतभेद नोंदवून!

मी पोराला विचारले, "घरात कशाबद्दल बोलणे निघते?" तो म्हणाला, "२६ जुलै २००५ चा पूर. मी चार वर्षांचा होतो. घर बुडाले. पंचनामा झाला तेव्हा आजीकडे घराचा कागद नव्हता, म्हणून भरपाई मिळाली नाही."

अरे, मग हाच तुझा विषय! ज्याच्याकडे कागद नाही त्याचे नुकसान सरकार मोजते कसे? भरपाईचे शासन निर्णय आहेत, पंचनाम्याच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतील, नदीकाठची म्हातारी माणसे अजून आहेत. प्राध्यापकांना एवढे सांग: प्रश्न काय, पुरावा कुठे, आणि आधी कोणी काय लिहिले.

"पण सर म्हणतील, तुम्ही विषयाच्या फार जवळ आहात, तटस्थ कसे राहणार?"

म्हणतीलही. वेदांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रीबुवांच्या नातवाला मात्र हे कोणी विचारत नाही. तू पुरावा पुढे ठेव. आजीचे नाव घ्यायला लाजू नकोस, पण आजीवरच थांबूही नकोस.

तिथेच बसून त्याने वहीत सहा ओळी लिहिल्या. 'सामाजिक न्याय' हे शब्द आधी लिहिले होते, ते खोडले. मुलाखत सोमवारी आहे.