चिठ्ठ्या आणि खापरं

पुण्यात कॉलेज म्हटलं की कट्ट्यावरची गर्दी, गॅदरिंगची धांदल आणि एकांकिकांच्या तालमी आल्याच. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात यातलं फारसं काही दिसत नाही. इथं अकरावी-बारावी नाही, बी. कॉम.चे वर्ग नाहीत, जूनमधली प्रवेशाची झुंबड नाही. शिकणारे एम. ए. आणि पीएच. डी.चे, आणि मुख्य विषय तीन: पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत व कोशशास्त्र. खुद्द पुण्यातल्या कित्येकांनी या आवारात पाऊल टाकलेलं नसतं. नवखा माणूस रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हणाला, तर नदीच्या भलत्याच काठाला, जिमखान्यावर उतरतो.

संस्था मात्र शहरातल्या बहुतेक कॉलेजांची आजी शोभेल इतकी जुनी. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या दक्षिणा फंडातल्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू केलं. पुढे त्याचं नाव बदललं, अभ्यासक्रम बदलला, इंग्रजी शाळा त्यात मिसळली. १८६४ मध्ये ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव मिळालं आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून येरवड्याला नवी इमारत उभी राहू लागली. कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सने आखलेली ही दगडी गॉथिक वास्तू अजून वापरात आहे.

१८७०च्या दशकात टिळक आणि आगरकर इथंच शिकले. टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीत आणि पोहण्यात घालवलं, हे मराठी घरात पोरांना बिनचूक सांगितलं जातं. अभ्यास न करण्याला एवढं वजनदार उदाहरण दुसरं कुठून मिळणार? त्यांची खोली संस्थेने जपून ठेवली आहे. पण त्या काळाची मोठी कमाई म्हणजे रात्र-रात्र चाललेल्या गप्पा. आगरकर एम. ए.ला आणि टिळक कायद्याला असताना सरकारी नोकरी न करता शाळा काढायचा बेत इथंच शिजला, आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं. वेळापत्रकात नसलेला वेळ कारणी लागतो तो असा.

१९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, भांडले, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये दारं पुन्हा उघडली, ती पदव्युत्तर शिक्षण व संशोधनासाठी. इतिहासाच्या बाजूने हसमुख सांकलिया आले, समाजशास्त्राला इरावती कर्वे आल्या, भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे. पुण्याच्या रस्त्यावर बाई स्कूटर चालवते हेच नवल असलेल्या काळात इरावतीबाई स्कूटरवरून फिरत. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने इथं भाषाशास्त्राची शिबिरं भरली, आणि देशभरातले तरुण प्राध्यापक आधुनिक भाषाशास्त्राचे पहिले धडे गिरवून आपापल्या विद्यापीठात परतले.

आवारातलं सगळ्यात चिवट काम कत्र्यांनी १९४८ मध्ये हाती घेतलं: ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला संस्कृतचा महाकोश. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचायचे. त्यात काव्य आणि व्याकरण आलं, तसंच वैद्यक, गणित, वास्तुशास्त्र, अश्वविद्या, पाकशास्त्रही आलं. वाचताना प्रत्येक कामाच्या शब्दासाठी एक चिठ्ठी करायची: वर शब्द, खाली तो ज्या वाक्यात आला ते अवतरण, ग्रंथाचं नाव आणि स्थळ. अभ्यासकांची एक पिढीच्या पिढी सुमारे पंचवीस वर्षं हेच करत होती. जमलेल्या चिठ्ठ्या भरतात जवळजवळ एक कोटी.

त्या ठेवल्या आहेत त्या दालनाला सगळे स्क्रिप्टोरियम म्हणतात. धातूच्या कपाटांच्या रांगा, कपाटांना खण, खणात दाटीवाटीने उभ्या लावलेल्या चिठ्ठ्या. कुठल्याही खणात एकाशेजारी एक वेगवेगळ्या माणसांची अक्षरं दिसतात: एकाचं टपोरं, एकाचं घाईचं, एकाचं मुंगीएवढं. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याची ओळख म्हणजे एवढंच. संपादक एका शब्दाच्या साऱ्या चिठ्ठ्या काढतो, काळानुसार लावतो, कोणता अर्थ आधीचा, कोणता नंतरचा, कोणता एकाच शास्त्रापुरता, हे ठरवतो. दोन अवतरणांत अर्थाची किंचितशी फट दिसली की मूळ ग्रंथ उघडावा लागतो, टीका पाहावी लागते. कच्ची नोंद वरिष्ठांकडे जाते, तपासली जाते, परत येते, पुन्हा जाते. एका लांबलचक शब्दावर कित्येक दिवस जाऊ शकतात.

अमृत माधव घाटगे हे पहिले प्रमुख संपादक. १९७६ मध्ये पहिला खंड छापला गेला. आजवर ३५ खंड निघाले आणि अजून ‘अ’ चालू आहे. ऐकणारा इथं हमखास हसतो. पण संस्कृतात ‘अ’ हे अक्षर साधं नव्हे. नकार दाखवणारे ‘अ’ आणि ‘अन्’ इथंच. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्गही इथंच. म्हणजे असंख्य शब्दांच्या उलट्या आणि वळवलेल्या रूपांनी याच दारी रांग लावलेली. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७ मध्ये पुढे आली आणि शेवटचा भाग १९२८ मध्ये बाहेर पडला. त्यांच्याकडे भाषा निम्म्या वयाचीही नव्हती.

दुसरा उद्योग पुरातत्त्वाचा, आणि त्याचं पंचांग वेगळं. दिवाळी उलटली, शेतं मोकळी झाली की तुकड्या साइटवर निघतात आणि विभाग ओस पडतो. उन्हं तापायच्या आत मंडळी परततात ती पोती भरून खापरं घेऊन. मग महिनोन् महिने बैठं काम. खापर धुवायचं, पण रंग जाईल इतकं घासायचं नाही. वाळवायचं. आतल्या बाजूला बारीक ब्रशने साइटचं नाव, खड्डा आणि थर लिहायचा. मग काठ वेगळे, बूड वेगळे, नक्षीचे वेगळे. लिहिताना थर चुकला, तर एका चुकीने भांडं काही शतकं पुढे-मागे सरकतं. म्हणून पहिल्याच वर्षी पोरांना ब्रश धरायला शिकवतात.

असल्याच कामातून शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव उभं राहिलं. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी घरातल्या जमिनीखाली लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन घटांत पुरत, मोठ्या माणसांची पावलं तोडून मग पुरत, आणि एका माणसाला चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेलं होतं. महाराष्ट्रातलं रोजचं जिणं लेखी इतिहासाआधी कसं होतं, हे आपल्याला आज माहीत आहे त्यात या खापरं धुणाऱ्यांचा वाटा मोठा.

कोश पुरा कधी होणार, हा प्रश्न दर काही वर्षांनी विचारला जातो, कधी कौतुकाने, कधी खर्चाची फाइल हातात घेऊन. प्रश्न रास्त आहे. चिठ्ठ्यांचं स्कॅनिंग झाल्याने त्या शोधणं सोपं होतं, टंकन-छपाई संगणकाने झटपट होते. अडतं ते दुसरीकडेच. आयुर्वेदातला शब्द आणि मीमांसेतला शब्द सारख्याच सराईतपणे वाचणारी माणसं बाजारात मिळत नाहीत. ती घडवायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि तयार झाली की निवृत्तीही फार लांब नसते. संस्कृत व कोशशास्त्राचा तो छोटासा वर्ग म्हणूनच महत्त्वाचा. खंडांसाठी निधी मिळेल की नाही याची चर्चा होते तशी त्या वर्गात यंदा किती जण बसले, त्यातले किती टिकले आणि टिकलेल्यांना कायमची नोकरी मिळाली का, याचीही व्हायला हवी. ‘आ’ लिहायला बसणारी माणसं त्यांच्यातूनच यायची आहेत.