दुकानात केक किलोवर मिळतो, मग लग्नाचा तीन टियरचा केक इतका महाग का पडतो?

"ताई, हा केक कितीला पडेल?"

सोबत पिंटरेस्टवरचा स्क्रीनशॉट. तीन मजले, पांढराशुभ्र, खालपासून वरपर्यंत साखरेचे गुलाब. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरून केक करणाऱ्या कुणालाही विचारा, लग्नसराईत व्हॉट्सॲपवर असेच मेसेज पडलेले असतात. आकडा सांगितला की पुढचा मेसेजही ठरलेला असतो, "एवढे? कोपऱ्यावरच्या दुकानात तर किलोला याच्या निम्मेपण घेत नाहीत!"

माझ्या मावसबहिणीच्या डोंबिवलीतल्या रिसेप्शनला आम्हीही हेच बोललो होतो. मग बसून हिशोब समजून घेतला आणि आमचा आवाज जरा खाली आला.

तर आधी फॉन्डंट म्हणजे काय ते बघू. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप आणि थोडा स्निग्ध पदार्थ मळून केलेला हा साखरेचा गोळा. पोळीसारखा लाटायचा आणि केकवर चादरीसारखा घालायचा. पण त्याच्या खाली नेहमीचं व्हिप क्रीम चालत नाही. क्रीमच्या ओलाव्याने फॉन्डंट विरघळायला लागतो. म्हणून खाली चॉकलेट आणि क्रीमचं गनाश लावतात, ते रात्रभर सेट करतात, कडा धारदार करतात आणि मग फॉन्डंट चढवतात. म्हणजे खर्च नुसता वरच्या साखरेचा नसतो, आतला केकच वेगळा असतो.

त्यात मजले चढवायचे म्हणजे थोडं सिव्हिल इंजिनिअरिंगच आलं. ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीच्या १९४७ च्या लग्नातला केक ९ फूट उंच होता, पण तो होता घट्ट फ्रूटकेक. आपल्याला हवा असतो मऊ स्पंज. त्यावर दुसरा केक ठेवला तर तो खाली बसणारच. म्हणून प्रत्येक टियरखाली बोर्ड, आणि खालच्या केकमध्ये वरचं वजन पेलणाऱ्या उभ्या काठ्या.

आता किलोचं गणित. ६, ८ आणि १० इंचांचे तीन गोल टियर घेतले आणि उंची सारखी ठेवली, तर वजन १, २, ३ असं वाढत नाही. ते क्षेत्रफळाने वाढतं, म्हणजे ३६, ६४, १०० या प्रमाणात. वरचा केक १ किलोचा धरला तर मधला साधारण पावणेदोन आणि खालचा पावणेतीन किलोचा. एकूण साडेपाच किलो. त्यावर फॉन्डंट जातो दोन किलोच्या आसपास. म्हणून भाव विचारताना पहिला प्रश्न हाच विचारा, किलो फॉन्डंट धरून की सोडून? दोन कोटेशनमधला फरक अनेकदा इथेच लपलेला असतो.

समजा स्पंज आणि गनाशचा खर्च किलोला ४५० रुपये. साडेपाच किलोचे झाले २,४७५. फॉन्डंट ७७०. बोर्ड, काठ्या, रंग, बॉक्स ८००. गॅस आणि वीज ३००. मेहनत १८ तास, तासाला फक्त २०० रुपये धरले तरी ३,६००. गाडी आणि हॉलवर जाऊन केक उभा करणं १,२००. बेरीज ९,१४५. यात ओव्हन-मिक्सरची झीज आणि नफा मिळून २५ टक्के घातले की साडेअकरा हजारांच्या घरात जातं. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बेकरचे वेगळे असतील. पण मेहनतीची ओळ बघा. मटेरियलइतकीच मोठी आहे, आणि घासाघीस सुरू झाली की सगळ्यात आधी तीच कापली जाते. साखरेचा एक गुलाब करायला २० मिनिटं धरली तर डझनभर गुलाबांना चार तास जातात. "फुलं तेवढी फ्री टाका ना" म्हणण्याआधी हे आठवा.

"मग खालचा टियर डमी करू, निम्म्यात होईल!" हा आमचाही जुगाड होता. होत नाही. डमीवरही तेवढाच फॉन्डंट आणि तेवढीच मेहनत लागते. वाचतो फक्त आतला केक, वरच्या हिशोबाने जेमतेम बाराशे रुपये. खरी बचत वेगळीकडे आहे. ३०० पाहुण्यांना ५० ग्रॅमचा तुकडा द्यायचा तर १५ किलो केक लागतो. सगळाच फॉन्डंटचा केला तर बिल ३१ हजारांवर जातं. त्याऐवजी फोटोसाठी हा साडेपाच किलोचा केक ठेवा, त्यात ११० तुकडे होतात. उरलेल्यांसाठी त्याच फ्लेवरचा साधा चौकोनी केक मागे किचनमध्ये कापा. तो ७०० रुपये किलोने मिळाला तर एकूण खर्च १८ हजारांच्या आसपास येतो. आणि खरं सांगायचं तर आपल्या रिसेप्शनला गुलाबजाम आणि आईस्क्रीम असताना सगळे केक खातातच असं नाही.

जीएसटीचंही समजून घ्या. केक-पेस्ट्रीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो लावता येत नाही. मात्र एफएसएसएआयची नोंदणी घरून विकणाऱ्यालाही लागते. तिचा १४ अंकी नंबर बिनधास्त मागा. व्हेज हवा असेल तर नुसतं "एगलेस" म्हणून भागत नाही, काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. ताज्या फुलांची हौस असेल तर देठ गुंडाळल्याशिवाय केकमध्ये खोचू देऊ नका, आणि कण्हेर तर केकच्या जवळपासही नको, ती विषारी असते.

अंड्यावरून आठवलं. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याच्या पांढऱ्या भागाशिवाय केलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोची प्रतिकृती उभी केली होती, २०२२ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली. रॉयल आयसिंग वाळून कडक होतं, फॉन्डंट मऊ राहतो. स्क्रीनशॉटमधला केक यातला कशाचा आहे, हे बेकरला आधी विचारलेलं बरं.

राहिला प्रवास. फ्रीजमधून काढलेला फॉन्डंट आपल्याकडच्या दमट हवेत घामेजतो, चिकट होतो, गडद रंग ओघळतात. कल्याण-शीळ रोड किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एसी बंद असलेली गाडी म्हणजे संकटच. त्यामुळे मोठे केक टियर सुटे नेऊन हॉलवरच रचतात. त्यासाठी हॉल किती वाजता उघडणार, टेबल डगमगतं का, वर हॅलोजन आहे का, हे आदल्या दिवशीच बेकरला कळवा. ॲडव्हान्स किती, तारीख बदलली तर काय, स्टँडचं डिपॉझिट कधी परत, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं लग्नाच्या गडबडीत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

बहिणीने शेवटी दोनच टियर घेतले, वर साखरेची सहा फुलं. वाटेतल्या एका गतिरोधकावर मागच्या बाजूला बारीक चीर गेली होती. बेकरताईंनी ती बाजू भिंतीकडे फिरवली, तिथे एक फूल चिकटवलं आणि फोटोग्राफरला सांगितलं, "दादा, इकडूनच घ्या."