उगवलं ते टिकेलच असं नाही

पेरणीआधी बियाणं घरी उगवून बघायची पद्धत आपल्याकडे आहेच. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. ज्वारी-बाजरीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी, असा नियम आहे. बचत गटाच्या कामानिमित्त गावोगाव जाते, तेव्हा बायका विचारतात, "ताई, घरी तर छान उगवलं होतं, मग शेतात कुठं गेलं?"

उत्तर कधी कधी जमिनीच्या तापात असतं. घरातलं गोणपाट सावलीत असतं. शेतात मात्र पहिल्या पावसानंतर उघडीप पडली की वरची ओल उडते आणि माती तव्यासारखी तापते. राजस्थानच्या रेताड जमिनीचा वरचा थर तर ६० अंशांच्याही वर जातो. बाजरीचा दाणा बारीक, त्यात शिदोरी ती किती! कोंब वर येतानाच होरपळतो. आलाच वर, तर जमिनीलगत त्याची मान भाजते आणि रोप कोलमडतं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली सुरू झालेल्या 'इक्रिसॅट' संस्थेत ज्वारी-बाजरीची रोपं यासाठी तपासली गेली. अशा चाचण्यांची रीत घरगुती वाटावी अशीच आहे. मातीवर कोळशाची पूड पसरली की ती जास्त तापते, पांढरी केओलिन माती पसरली की कमी. काळ्या कपड्यात ऊन जास्त लागतं ना, तसंच! शेजारी-शेजारी वेगवेगळे वाण पेरायचे, उगवलेली रोपं मोजायची आणि काही दिवसांनी जगलेली पुन्हा मोजायची. एकाच तापात काही वाण तग धरतात, काही माना टाकतात. तग धरणाऱ्यांपासून पुढचे वाण तयार करता येतात.

मैत्रिणींनो, हा विषय आपलाही आहे. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याला पुन्हा पैसे. कित्येक घरांत ते डोरलं गहाण ठेवूनच येतात. आणि नांग्या भरायला कंबर मोडून वाकते ती बाईच.

म्हणून गोणपाटाची चाचणी सोडू नका, पण तिच्यावरच विसंबूही नका. पुरेशी ओल झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. बियाणं घेताना 'उगवतं किती' याबरोबर 'तापल्या जमिनीत टिकतं का' हेही कृषी सहायकांना विचारा. यंदा शेतातल्या एका ओळीला खूण करा. उगवलेली रोपं मोजा, पंधरा दिवसांनी जगलेली मोजा आणि वाणाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुकानात गेल्यावर ती वही कामाला येईल.