मूत्रपिंडरोपणानंतरची राखण

या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाचे मूत्रपिंडरोपण झाले. मूत्रपिंड त्यांच्या मंडळींनी दिले आणि घर थोरल्या मुलाने व सूनबाईंनी सांभाळले. ऊसनोंदीच्या निमित्ताने आमचे तिथे जाणे-येणे असते. जे पाहिले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, ते येथे देत आहोत.

आपल्या देशात मूत्रपिंडरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९७१ साली वेल्लोरला झाली. जुनी मूत्रपिंडे बहुधा जागेवरच ठेवतात आणि नवे ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवतात. ऑपरेशन काही तासांचे, पण राखण पुढे कायमची. शरीर नव्या अवयवाला परकाच समजते. त्याने तो नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस हे त्यातले मुख्य औषध १९८४ साली जपानात त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडले. मातीत काय काय दडलेले असते पाहा! ते बहुधा दर बारा तासांनी घ्यायचे असते. रक्तातले त्याचे प्रमाण तपासायचे असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. सूनबाई कॅलेंडरवर दोन्ही वेळेला खूण करतात.

खरा धोका बरे वाटायला लागल्यावर असतो. "आता काय, ठणठणीत झालो," म्हणून गोळी चुकते. शरीर अवयव नाकारू लागले तरी दुखेलच असे नाही. क्रिएटिनीन वाढलेले रक्ततपासणीतच कळते. गेल्या हंगामात तपासणीच्या दिवशीच तोडणीची टोळी फडात आली. मुलाने फड चुलतभावावर सोपवला आणि वडिलांना घेऊन एसटी गाठली. आमच्या मते त्याने योग्य केले.

दुसरा धोका आपल्या धंद्यातलाच आहे. कुजणाऱ्या खतातून बुरशीचे बीजाणू उडतात आणि अशा रोग्याच्या फुफ्फुसात शिरले तर जिवावर बेतते. प्रेसमड टाका म्हणून आम्हीच गावोगाव सांगत फिरतो, पण या घरात तो ढीग आता वस्तीपासून लांब, मळ्याच्या पार टोकाला असतो. गोठा झाडणे, खत उलथणे, पाचटाच्या धुरळ्यात उभे राहणे वडिलांना बंद. ते कुरकुरतात, पण मुलगा ऐकत नाही.

भेटायला येणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न ऑपरेशनपेक्षा अवघड गेला. पहिले तीन महिने सूनबाई पाहुण्यांना ओसरीवरूनच चहा पाजून परत लावत. नातेवाईक रुसले. प्रेमाने आणलेला रसवंतीचा रस, बर्फ आणि न तापवलेले दूध आल्या पावली परत गेले. ही औषधे आणि स्टिरॉइड यांनी रक्तातली साखरही चढते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पपनस आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे काढेही नकोत.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त. देणारी बाई घरी येते आणि आठ-पंधरा दिवसांत धारा काढायला बसते. त्यांनाही काही आठवडे जड उचलणे बंद असते, आणि रक्तदाब व लघवीची तपासणी पुढे दरवर्षी करायची असते. या घरात सासूबाईंची फाईल सासऱ्यांच्या फाईलशेजारीच ठेवलेली आम्ही पाहिली.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणाचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटावे. ऑपरेशननंतरची औषधे मात्र महिन्याच्या महिन्याला लागतात. उसाचे बिल जमा झाले की मुलगा पहिल्यांदा तेवढी रक्कम बाजूला काढतो.

ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा वजन एकदम वाढले तर सकाळची वाट न पाहता रोपण केलेल्या डॉक्टरांना फोन करावा. दुकानातली अंगदुखीची गोळी देऊ नये. तिने मूत्रपिंड बिघडते. कोणताही नवा डॉक्टर औषध लिहू लागला की रोपण झाल्याचे आधी सांगावे. या घरात तो फोन नंबर दरवाजाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला आहे.